एका बाजूची लाईन

बेलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी पिठाची गिरणी आहे, तिला लोक अजून सत्तारभाईंची गिरणी म्हणतात. सत्तारभाई जाऊन काही वर्षं झाली, आणि होते तेव्हाही शेवटी शेवटी अर्धांगवायूनं खाटेवरच होते. गिरणी चालवली ती त्यांच्या बायकोनं, हसीनानं. पट्टा चढवणं, झिजलेल्या दगडांना टाकी लावून घेणं, मोटार जळाली की टेम्पोत घालून श्रीरामपूरला नेणं, सगळं तिनं केलं. पाटीवर मात्र तिचं नाव कधी लागलं नाही. मी हे तिला तोंडावर बोलून दाखवायची. ती हसायची आणि माझ्या हातातला गव्हाचा डबा ओढून घ्यायची.

उंच, काटक बाई. भुवयांवर कायम पीठ. आवाज असा की गिरणी चालू असताना चौकातल्या माणसाला हाक मारावी आणि त्यानं मागं वळून बघावं. एरवी गिरणीत बोलणं खुणांवरच चालतं. अंगठा बोटावर घासला की बारीक दळायचं, मूठ वळली की जाड, तळहात उलटा केला की उद्या या. आम्ही गल्लीतल्या सगळ्या बायका त्या खुणांवर वाढलो. हसीनाचा एकुलता एक मुलगा परवेझ तर बोलायच्या आधी त्या शिकला असेल. तो गल्लीत खेळत असला की ती हाक नाही मारायची. पीठ अडकलं तर ठोकायला एक लाकडी दांडका असतो, तो घेऊन धान्य ओतायच्या पत्र्यावर ठकठक करायची. गिरणीच्या घरघरीत ती ठकठक अचूक वेगळी ऐकू यायची. म्हणजे जेवायला ये. पोरगं असेल तिथून पळत यायचं.

हा परवेझ श्रीरामपूरला आयटीआय करत होता. वडील आजारी पडले आणि त्यानं ते मध्येच सोडलं. पुढं वडील गेल्यावर तो आखातात बांधकामावर मदतनीस म्हणून गेला. करार दोन वर्षांचा. तो नीट पुरा केला तर त्याला क्रेन चालवायला शिकवणार होते, वर केबिनीत बसायचं काम. मध्येच परत आला तर पुन्हा खालचं ओझं उचलणं, तेही मिळालं तर. हसीना हे मला अनेकदा सांगायची. एकदा घरातल्या आजारपणानं पोराचं शिक्षण मोडलं, आता दुसऱ्यांदा काही मोडायचं नाही, हा तिचा हट्ट होता. हट्टच म्हणते मी त्याला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात परवेझनं तिला हेडफोन पाठवले. काष्टी गावचा एक मुलगा तिकडून सुट्टीवर येत होता, त्याच्या हाती. वायर नसलेले, काळे, कानावर वाटीसारखे बसणारे. महागातले नव्हते, परवेझ काही साहेब नव्हता. पण खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं की हे बाहेरचा गोंगाट बंद करतात, आणि त्याची समजूत अशी की आता अम्मी गिरणीत असली तरी तिचं बोलणं आपल्याला स्वच्छ ऐकू येईल. त्याची जेवणाची सुट्टी दुपारची. त्याच वेळी गिरणीत गर्दी. आधी तो फोन करायचा तेव्हा ती बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहून बोलायची आणि आत डबे खोळंबायचे. त्यावर त्यानं काढलेला हा उपाय.

जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी बी.ए. होऊन श्रीरामपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ट्रंक कॉल जोडायच्या काळात कानावर हेडफोन चढवून पाळी केलेली बाई मी. यंत्रातून येणाऱ्या आवाजाचं मला कळतं असं लोक समजतात, आणि मीही समजते. आधी मी ते माझ्या मोबाईलला जोडून पाहिले. मोबाईलवर त्यांचं नाव म्हणून इंग्रजी अक्षरं आणि आकडे यायला लागले. ते पुसून मी ‘हसीना’ लिहिलं. मग तिच्या मोबाईलला जोडून दिले.

आवाज कसा होता म्हणाल, तर बेताचा. गाणं लावलं तर खर्ज इतका जाड की गाणाऱ्या बाईला सर्दी झालीय असं वाटावं. बोलण्याचा आवाज मात्र बरा यायचा. गोंगाट बंद करायचं बटण दाबलं की गिरणीची घरघर कुणीतरी गोणपाटात गुंडाळून आडात टाकल्यासारखी नाहीशी व्हायची आणि कान घाटातल्या एसटीत होतात तसे दडपायचे. पट्ट्याची फटफट तेवढी राहायची. मोबाईल दळणाच्या फळीवर ठेवून हसीना मागच्या भिंतीआड मोटारीकडे गेली की आवाज तुटायचा, पुढं आली की जुळायचा. तरी ती खूश होती. पदर घट्ट बांधून त्यावर ते काळं चढवून उभी राहिली तेव्हा रतनबाई बाजरीचा डबा घेऊन आली होती. रतनबाई मळ्यातून येते आणि तिचं तोंड कुणी धरू शकत नाही. ती म्हणाली, “अगं हसीना, कानाला काय दोन करंड्या बांधल्यात? इमान चालवायला निघाली का काय?”

हसीनानं तिला तळहात उलटा करून दाखवला. उद्या ये. आम्ही दोघी हसलो.

पण रतनबाईच्याच बाजरीनं पहिला फटका खाल्ला. गिरणीवाला दगड डोळ्यांनी बघत नाही, कानांनी बघतो. धान्य संपत आलं की घरघर बदलते. तीच घरघर हेडफोननं पुसून टाकली होती. परवेझचं बोलणं ऐकताना दगड कोरडा फिरला, शेवटचं पीठ करपलं, वर कच आली. रतनबाईनं तमाशा केला आणि हसीनानं तिला आपल्या घरातली बाजरी दळून दिली. त्यानंतर तिनं एक वाटी कानावर आणि एक कानामागं अशी सवय लावून घेतली. एक कान दगडाला, एक पोराला. अशानं गोंगाट पुरता बंद होत नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली.

मान हलवली, हे मी आता लिहिते आहे. ती बोलत नाही हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं असंही नाही, कारण गिरणीत सगळेच मान हलवतात. उन्हाळ्यात तिचा घसा बसला होता. मिरची दळायच्या दिवसांत तो दरवर्षी बसतो, दळणाऱ्यांचा आणि दळून घेणाऱ्यांचाही. पुढं पावसाळा लागला. मी गिरणीत गेले की यंत्र चालू असायचं, आमचं चालायचं खुणांवर.

एकच गोष्ट मला खटकली. सत्तारभाईंच्या काळापासून शुक्रवारी गिरणी बंद असायची. आता हसीना शुक्रवारीही उघडायला लागली. लोक म्हणाले, पोरगा परदेशात कमावतोय तरी हिची हाव सुटेना. शुक्रवारी कुणी दळण आणायचं नाही, कारण सवयच नव्हती, आणि रिकामा दगड फिरवता येत नाही. म्हणून ती सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहायची आणि डब्याकडे बोट दाखवायची. मी गहू द्यायची. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. माझ्या एकटीच्या घरात एवढं पीठ साठलं की त्यात अळ्या झाल्या. शुक्रवार हा परवेझच्या सुट्टीचा दिवस, तो त्या दिवशी लांब फोन करतो, हे मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी मी एकत्र मात्र ठेवल्या नव्हत्या.

भाद्रपदातला एक दिवस. मी दळण घेऊन गेले होते आणि संगमनेरला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा, सुकन्याचा, फोन आला. हेडफोन अजून माझ्याही मोबाईलशी ओळख ठेवून होते. हसीनानं ते फळीवर काढून ठेवले होते. म्हटलं बघू तरी कसं चालतं ते. मी ते माझ्या मोबाईलवर घेऊन चढवले आणि बोलायला लागले. मला सुकन्या शेजारी बसल्यासारखी ऐकू येत होती. ती मात्र म्हणत होती, अगं तू कुठं आहेस, नुसती घरघर येतेय, हॅलो, हॅलो. शेवटी वैतागून तिनं ठेवून दिला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे यंत्र गोंगाट बंद करतं ते घालणाऱ्याच्या कानापुरतं. पलीकडच्याच्या कानात गिरणी चालूच. एक्स्चेंजात आम्ही याला एका बाजूची लाईन म्हणायचो: तिकडचं सगळं येतं, इकडचं काही जात नाही. म्हणजे इतके महिने परवेझ रोज दुपारी बोलत होता आणि उत्तरादाखल त्याला नुसता दगड ऐकू येत होता.

मला धीर नावाची गोष्ट नाही. मी सरळ भिंतीवरचं बटण खाली ओढलं आणि गिरणी बंद केली. दगड घरघरत थांबले. मी हसीनाला म्हणाले, अगं बाई, तुझं एक अक्षर त्याला ऐकू जात नाही, तू कुणाशी बोलतेस, हे असलं खेळणं परत कर, नाहीतर पूर्वीसारखी रस्त्यावर जाऊन बोल.

ती म्हणाली, “म्हाईत हाय.”

तो आवाज नव्हता. कोरड्या कागदावर कागद घासावा तसं काहीतरी होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग घशाकडे; तिथं सूज होती. पदर तिनं का इतका घट्ट बांधलेला असतो ते तेव्हा कळलं.

तिनं तुटक तुटक सांगितलं ते असं. मिरचीनं बसलेला घसा सुटेना म्हणून ती नगरला डॉक्टरकडे जाऊन आली होती, एकटी, एसटीनं. घशात गाठ होती, वाईट जातीची. ऑपरेशन लवकर करायचं होतं, त्यात आवाज पूर्णच जाणार होता, आणि घरचं माणूस बरोबर लागणार होतं. घरचं माणूस एकच. त्याला कळलं तर तो त्याच पावली येणार. करार डिसेंबरात पुरा होत होता. तोवर ती थांबणार होती. व्हिडीओवर तो बोलू म्हणायचा तेव्हा ती कॅमेऱ्यावर पीठ बसलंय असं मेसेजात लिहायची. बाकी, शुक्रवारीसुद्धा, गिरणी चालू असताना फोन घ्यायचा, म्हणजे आवाज नाही हे कळायचा प्रश्नच नाही. हेडफोन वाईट निघाले हे तिला पहिल्या दिवशीच समजलं होतं. घसा गेल्यावर तिला ते तसेच हवे होते.

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मूर्ख म्हणाले. त्याला फोन लावायला मोबाईलही उचलला. तिनं माझा हात धरला, तसाच ओढत नेला आणि नुकत्याच दळलेल्या गरम पिठात दाबला. गिरणीवाल्यांत अशी शपथ घेतात, अन्नावर हात ठेवून. ती मोडणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

“पोराला सांगायचं न्हाई, बाई.”

बटण तिनंच पुन्हा वर केलं.

त्यानंतर मी शुक्रवारी मुद्दाम जाऊन बसायला लागले. काय करणार होते बसून? पण बसायची. तेव्हा मला एक दिसलं. परवेझ बोलत असला की तिचे ओठ सारखे हलायचे. ती गप्प नसायचीच. मध्येच हसायची, मध्येच डोळे वटारायची, रागावायची, समजूत घालायची. त्याच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर होतं. आवाज नव्हता आणि असता तरी जाणार नव्हता, हे पक्कं ठाऊक असून बाई पुरा संसार बोलत होती. आणि त्यानं फोन ठेवला की दुसरी वाटीही कानावर ओढून थोडा वेळ तशीच उभी राहायची. दगडाचं लक्ष तेवढा वेळ मी ठेवायची.

भाद्रपद सरता सरता एका शुक्रवारी दुपारी मध्येच लाईट गेली.

मी फळीजवळच्या स्टुलावर होते. माझेच गहू पडत होते. पट्टा सुटा झाला, दगड थांबले, आणि गल्लीतल्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या. लाईट गेली तरी हेडफोन बॅटरीवर आणि मोबाईलही बॅटरीवर. फोन चालूच राहिला. स्वस्तातल्या हेडफोनांचा आणखी एक दोष असा की आवाज बाहेर गळतो. गिरणी चालू असताना ते कळायचं कारण नव्हतं. आता त्या शांततेत परवेझचा आवाज बारीक पण स्वच्छ माझ्यापर्यंत येत होता. ते मायलेक घरात दखनी उर्दूत बोलतात. मी माझ्या भाषेत सांगते.

“अम्मी, लाईट गेली का?” तो म्हणाला. आवाजात आनंद होता. “मग आता बोल की. किती दिवसांनी गिरणी थांबलीय.”

हसीनानं तोंड उघडलं आणि मिटलं. फोन बंद करावा एवढं साधं तिला सुचलं नाही. हात मोबाईलकडे गेलाच नाही. तो थांबला होता. पुन्हा म्हणाला, अम्मी? ती इकडे तिकडे बघत होती, जशी काही वस्तू शोधावी तशी. मग तिनं तो लाकडी दांडका उचलला आणि पत्र्यावर ठकठक केली.

तीच, जेवायला बोलवायची.

“अम्मी, तू बोलत का नाहीस?” आता आवाज बदलला होता. “तिथं कोण आहे? मावशी आहे का? मावशीला दे.” मावशी म्हणजे मी.

हसीनानं हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि दुसरा हात पिठाच्या डब्यात घातला. माझ्याकडे बघत. मला आठवण करून देत होती.

मी कानाला लावून म्हणाले, “अरे, घसा बसलाय तिचा. परवा मिरची दळली ना भरपूर.”

“मावशी,” तो म्हणाला, “भादव्यात कोण मिरची दळतं?”

गिरणीत जन्मलेलं पोरगं ते. कुठल्या महिन्यात दगडावर काय पडतं हे त्याला मी काय सांगणार होते? त्यानं विचारलं, कधीपासून? शपथ मोडली नाही मी. मग तो म्हणाला, “राहू दे. कळलं.”

तो पंधरा दिवसांत आला. करार मोडून आला, क्रेन गेली. हसीना दारात उभी होती. तिनं त्याला बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसली. तो बॅग घेऊन तसाच उंबऱ्यात उभा. दळणाला आलेल्या रतनबाईनं शेवटी त्याला आत ढकललं आणि हसीनाला म्हणाली, “आता राग ऱ्हाऊ दे. पोरगं उपाशी हाय.” तेव्हा ती उठली.

नगरला नेलं, पुढं पुण्याला नेलं. गाठ थांबलेली नव्हती, ती खाली उतरली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. आधी आली असती तर, असं त्यांनी परवेझला सांगितलं. हे सांगायची काय गरज होती मला समजत नाही. डॉक्टर लोकांना खरं बोलायची घाई फार.

होळीच्या आधी ती गेली. मधले महिने परवेझनं गिरणी चालवली आणि ती दारातल्या खुर्चीवर बसून असायची. दोघं खुणांवर बोलायची. बारीक, जाड, उद्या या, यांच्या पलीकडच्या खुणा त्या दोघांच्या होत्या, आम्हाला त्या कळत नसत. एकदा ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि तो घाबरून धावला. यंत्र चालूच होतं. त्या दोघांना त्याची अडचण कधीच नव्हती.

चाळिसावा दिवस झाल्यावर एके दुपारी परवेझ माझ्याकडे आला. गिरणी विकणार नाही म्हणाला. चहा घेतला. मग खाली बघत विचारलं, “मावशी, ती खरंच ऐकायची का माझं? की नुसतंच कानाला लावून ठेवायची?”

“शब्दन् शब्द ऐकायची,” मी म्हणाले. “आणि उत्तरं द्यायची.”

“काय म्हणायची?”

“मला तुमची भाषा ओठांवरून वाचता येत नाही, परवेझ.”

हे खरं होतं. काहीतरी गोड बनवून सांगता आलं असतं, जेवलास का, जपून राहा, असलं. ते म्हटलंही असेल तिनं. पण मी ऐकलेलं नाही ते सांगत नाही. जे पाहिलं ते सांगितलं. तू फोन ठेवलास की ती दोन्ही कान झाकून उभी राहायची आणि तिचे ओठ तेव्हाही हलत असायचे. तू नसताना. त्यानं कप ठेवला आणि दळण पडलंय म्हणून निघून गेला.

गिरणी आता पुन्हा शुक्रवारी बंद असते. मी त्या दिवशी दुपारी पोस्टाकडे जाताना तिच्यावरून जाते. दार लोटलेलं असतं. कधी कधी तिथं पोचलं की पिशवीतला मोबाईल थरथरतो आणि पडद्यावर उमटतं: हसीना, कनेक्ट झाले. यात गूढ काही नाही. ते हेडफोन चालू केले की आधी तिचा मोबाईल शोधतात, तो आता बंद असतो, मग आसपास ओळखीचा दुसरा मिळाला तर त्याला धरतात. यंत्राची सवय आहे ती. आत परवेझनं ते कानावर चढवलेत, एवढंच मला त्यावरून कळतं. गिरणी बंद, फोन नाही, गाणं नाही. काय ऐकतो कोण जाणे.

मोबाईलमधलं ते नाव बदलून टाकावं असं मी ठरवते. अजून बदललेलं नाही. तिथं थांबत मात्र नाही मी. चार घरं पुढं गेलं की ते आपोआप तुटतं.